मोटरहोमची सीवर होज: धुऊन ठेवली तरी पुन्हा पुन्हा वास येतो, तेव्हा काय करायचं

अमेरिकेत मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) बाळगणाऱ्या, किंवा उन्हाळ्यात आई-बाबा आले की आठवडाभर भाड्याने घेणाऱ्या मराठी मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. सीवर होज म्हणजे गाडीच्या टाक्यांतलं मैलापाणी सीवरमध्ये सोडायची नळी. तिचा कप्पा उघडला की भपकारा येतो. नळी धुतली, कप्पा धुतला, झाकणाचा नवा डबा आणला, सुगंधी वड्या ठेवल्या. दोन-तीनदा टाक्या रिकाम्या (डंप) करेपर्यंत बरं चाललं आणि मग पुन्हा तोच वास. सोबत कधी कप्प्याच्या तळाशी काळपट पाणी, कधी गाडी उभी केली की खाली ठिबकलेले डाग.

अडचण जागेची वाटते, म्हणून माणसं जागा बदलत राहतात. कप्प्यातून डब्यात, डब्यातून पाइपात. पण नळी आत जाते तीच ओली. ओली नळी सोन्याच्या डब्यात ठेवली तरी ती वास मारणारच. त्यामुळे आधी पाण्याचा बंदोबस्त, मग जागेचा. बाजारात मात्र सगळा माल दुसऱ्या गोष्टीसाठी मिळतो, आणि पहिल्या गोष्टीला दहा मिनिटांच्या मेहनतीपलीकडे काही लागत नाही.

नळीवर आळ घेण्याआधी

एक साधी तपासणी करा. नळी, एल्बो (तिच्या टोकाला लावून सीवरच्या भोकात बसवायचा वाकडा जोड), हातमोजे, सगळं कप्प्यातून बाहेर काढा. कप्पा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा पुसा आणि एक दिवस दार बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर वास नसेल तर दोष नळीचा किंवा तिच्याबरोबर ठेवलेल्या वस्तूंचा. वास असेल तर गाडीच्या आउटलेटकडे, म्हणजे टाक्यांतलं मैलापाणी बाहेर पडायच्या तोंडाकडे, बघा.

आउटलेटचं टोपण फिरवण्याआधी खाली बादली धरा. टोपण सैल करताच कपभर पाणी भसकन बाहेर आलं, तर आतला गेट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. या व्हॉल्व्हमध्ये एक सपाट पातं खाचेतून सरकतं. खाचेत टॉयलेट पेपर किंवा गाळ अडकला की पातं शेवटपर्यंत जात नाही आणि टाकी थेंबाथेंबाने पाझरत राहते. डंप स्टेशनवर टाकी रिकामी करून, पुन्हा साधं पाणी भरून, व्हॉल्व्ह पाच-सात वेळा उघडझाप केला की बहुतेक वेळा खाच साफ होते. नाहीच झाली तर व्हॉल्व्हचे सील बदलावे लागतात. ते होईपर्यंत आउटलेटवर फिरवून बसवायचा जादा व्हॉल्व्ह मिळतो, तो लावून घ्या. व्हॉल्व्ह गळत असताना नळीसाठी महागडी पेटी घेणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि तेही कुठल्या पाण्यात!

वास गाडीच्या आत, न्हाणीघरात किंवा सिंकजवळ येत असेल तर त्याचा या नळीशी संबंध नाही. तिथे सिंकखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलंय का, टॉयलेटच्या भांड्यात पाणी टिकतंय का, हे बघायचं.

पाणी अडतं कुठे

मोटरहोमची नेहमीची सीवर होज ३ इंच व्यासाची असते. पोलादी तारेच्या वेटोळ्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा चढवलेला असतो, म्हणून ती हार्मोनियमच्या भात्यासारखी आवळता आणि ताणता येते. अडचण याच सोयीत आहे. प्रत्येक वळीच्या तळाशी थोडंसं पाणी राहतं. नळी ताणलेली असते तेव्हा वळ्या उथळ असतात आणि पाणी वाहून जातं. आवळली की त्याच वळ्या खोल आणि अरुंद होतात, आणि आतलं पाणी अडकतं. दहा फुटी नळी काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण १४ लिटर पाणी मावतं. त्याचा पन्नासावा भाग मागे राहिला तरी ते पाव लिटरहून जास्त भरतं.

आता हे पाव लिटर पाणी दोन्ही टोकांना घट्ट टोपणं लावून बंद केलं आणि गाडी ॲरिझोनाच्या उन्हात उभी केली, की आतला ऑक्सिजन संपतो. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू अशा पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, म्हणजे तोच सडक्या अंड्यांचा वास. ‘मी तर टोपणं अगदी घट्ट लावतो’ असं सांगणाऱ्यांच्याच गाडीत वास जास्त का येतो, त्याचं कारण हे आहे.

राष्ट्रीय उद्यानांच्या सहलींत ही अडचण हमखास वाढते. फुल हुकअप (जागेवरच पाणी, वीज आणि सीवरची जोडणी) असलेल्या आरव्ही पार्कात, म्हणजे मोटरहोमच्या मुक्कामाच्या ठिकाणी, नळी दिवसभर जोडलेली राहते, निघताना ती धुवायला, निथळवायला वेळ मिळतो. यलोस्टोनमध्ये हुकअपची सोय फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात आहे. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत हुकअप मुळीच नाहीत, डंप स्टेशन आहे. अशा ठिकाणी नळी बाहेर येते ती डंप स्टेशनवर पंधरा-वीस मिनिटांसाठी, मागे चार गाड्यांची रांग, पुढच्या मुक्कामाची घाई. नळी झटकली, आवळली, कोंबली. तीन दिवसांनी पुन्हा तेच.

निथळवण्याचा क्रम

ब्लॅक टँक (टॉयलेटची टाकी) आधी आणि ग्रे टँक (सिंक-शॉवरच्या पाण्याची टाकी) नंतर, हे बहुतेकांना माहीत असतं. नळीच्या दृष्टीने त्याचा खरा फायदा असा की सिंक आणि शॉवरचं साबणमिश्रित पाणी शेवटी जोरात वाहून नळीचा पहिला धुवा आपोआप करून टाकतं. पण त्यासाठी ग्रे टँकमध्ये पुरेसं पाणी हवं. ती टाकी निदान अर्धी भरेपर्यंत थांबून मग डंप केलेलं बरं. आरव्ही पार्कात ग्रेचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवणाऱ्यांना हा धुवा मिळत नाही, कारण त्यांच्याकडे एकदम सोडायला पाणीच नसतं. शेवटच्या दिवशी तरी तो बंद ठेवा.

ग्रे रिकामी झाली की दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. आता नळी गाडीच्या बाजूने सोडवा, पण सीवरच्या बाजूचं टोक भोकातच राहू द्या. गाडीकडचं टोक कमरेइतकं उचला आणि नळी ताणलेलीच ठेवून हातावर हात घेत सीवरच्या दिशेने चालत जा, म्हणजे पाणी पुढे पुढे ढकललं जाईल. या वेळी नळी आवळायची नाही. घाईत सगळे नेमके इथेच आवळतात.

मग स्वच्छ पाणी. डंप स्टेशनवर ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी असलेला नळ असतो, तो यासाठीच आहे. उचललेल्या टोकातून पाणी सोडा, अर्धा मिनिट वाहू द्या, बंद करा आणि पुन्हा चालत जाऊन निथळवा. असं दोनदा केलं की सीवरकडे पडणारं पाणी स्वच्छ दिसतं. नळ नसेल किंवा बंद असेल तर बऱ्याच मोटरहोमना बाहेरच्या बाजूला एक छोटा शॉवर असतो. पंप सुरू करून त्याने नळी धुता येते, पाणी आपल्याच टाकीतलं. फक्त शॉवरचं तोंड नळीला टेकवायचं नाही, वीतभर वर धरायचं.

वारंवार प्रवास करणाऱ्यांनी पारदर्शक धुण्याचा एल्बो घ्यावा. तो गाडीच्या आउटलेटवर बसतो, त्याला बागेच्या नळीची जोडणी असते आणि पाणी उलट न जाण्याची व्यवस्था असते. त्यातून नळीत पाणी सोडता येतं आणि किती घाण अजून येतेय ते डोळ्यांना दिसतं. माझ्या मते नळीच्या पेटीवर खर्च करण्याआधी यावर करावा.

आवळायची पाळी शेवटी. सीवरकडचं टोक अजून भोकावरच, खाली. गाडीकडच्या टोकापासून नळी हळूहळू आवळत आणा, म्हणजे वळ्यांमधून पिळून निघणारं पाणीही सीवरमध्येच पडेल. उलट्या दिशेने आवळलं तर तेच पाणी तुमच्या बुटांवर पडतं.

साबण प्रत्येक वेळी लागत नाही. नळी दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ वापरायची नसेल तर भांड्यांच्या साबणाचं थोडं पाणी नळीत ओतून, दोन्ही टोकं धरून मागेपुढे हलवून सीवरमध्ये सोडा आणि साध्या पाण्याने धुवा. ब्लीचचा मोह टाळा. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, व्हिनेगरबरोबर क्लोरीन. शिवाय ब्लीचने रबरी सील खराब होतात, आणि सेप्टिक टँकवर चालणाऱ्या कॅम्पग्राउंडांत ते ओतलेलं कुणालाच आवडत नाही, कारण त्यांचे जिवाणू त्याने मरतात.

टोपणं लावायची की नाही

इथे दोन मतं आहेत आणि दोन्ही अर्धी बरोबर. टोपणं नसतील तर वळणावर थेंब गळतात. टोपणं असतील तर आत कुजतं. म्हणून चालत्या गाडीत दोन्ही टोकांना टोपणं, मुक्कामाला किंवा घरी पोहोचल्यावर ती काढून ठेवायची. नळी ताणून तासभर वाऱ्यावर ठेवता आली तर उत्तम, पण कॅम्पसाइटच्या टेबलावर किंवा शेजाऱ्याच्या खुर्च्यांसमोर नाही. त्या नळीतून काय जातं हे सगळ्यांना माहीत असतं. उन्हात दिवसेंदिवस पडू देऊ नका, अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं.

एकाच कप्प्यातलं सोवळं-ओवळं

बऱ्याच मोटरहोममध्ये पिण्याच्या पाण्याची जोडणी आणि सीवरचं आउटलेट ड्रायव्हरच्या बाजूला एकाच कप्प्यात असतं. कारखान्याला पाइप एकत्र आणणं सोयीचं पडतं, आपल्याला ते महागात पडतं. आजीच्या सोवळ्याला हसणाऱ्यांनीही इथे ते काटेकोर पाळावं. पिण्याची नळी, पांढरी किंवा निळी, या कप्प्यात ठेवूच नका. तिची दोन टोकं एकमेकांना जोडून तिला गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात जागा द्या. सीवर होज धुण्यासाठी तिसरी नळी हवी, वेगळ्या रंगाची, आणि ती कधीही पिण्याच्या नळाला लागता कामा नये.

कामाचा क्रमही ठरवून घ्या. पोहोचल्यावर आधी पिण्याचं पाणी आणि वीज जोडायची, सीवर शेवटी. निघताना आधी पिण्याची नळी सोडवून आत ठेवायची, सीवर पुन्हा शेवटीच. स्वच्छ हातांचं काम आधी उरकलं की हातमोजे घातल्यावर ‘जरा तो नळ बंद कर’ म्हणायची वेळ येत नाही. हातमोजे एकदाच वापरून टाकायचे नायट्राइलचे घ्या. जाड रबरी मोजे टिकतात खरे, पण कप्प्यातली सर्वांत घाणेरडी वस्तू अनेकदा तेच असतात.

सर्वांत घाणेरडी दुसरी वस्तू म्हणजे सीवरच्या भोकात बसणारा एल्बो आणि त्याची रबरी चकती. तो कुठल्या भोकात कितीदा बसलाय याचा विचार न केलेलाच बरा. नळी नीट निथळवून, शेवटी तिच्यावरच एल्बो ठेवून दार लावलं की सगळी मेहनत वाया. एल्बोला वेगळी झाकणाची बादली हवी.

मग ठेवायची कुठे

वर्षातून एक-दोनदा गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी फार विचार करू नये. झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात निथळलेली नळी वेटोळं करून, शेजारी एल्बोची बादली. डबा सहलीच्या शेवटी धुता येतो, कप्पा तसा धुता येत नाही. भाड्याच्या गाडीबरोबर मिळालेली नळी ताब्यात घेतानाच ताणून, उजेडाकडे धरून बघा. भोकं असतील तर तिथेच बदलून मागा.

क्लास ए (बससारख्या मोठ्या) गाडीत खालचे कप्पे मोठे असतात, तिथेही डबा पुरतो. खरी ओढाताण क्लास सी (व्हॅन किंवा ट्रकच्या चॅसिसवर बांधलेल्या) गाड्यांची, कारण त्यांना बाहेरून उघडणारे कप्पे मोजके आणि उथळ. इथे बंपरचा सल्ला हमखास मिळतो. तो सल्ला देणारे बहुधा ट्रेलरवाले असतात. त्यांच्या मागच्या ४ इंची चौकोनी पोलादी बंपरमध्ये नळी सरकवायची पद्धत जुनी आहे. तिथेही ती फारशी चांगली नाही: आतून गंज चढतो, टोकाची प्लास्टिकची झाकणं रस्त्यात पडतात, आणि हल्लीच्या नळ्यांची फिरवून अडकवायची बायोनेट फिटिंग्ज ४ इंचांपेक्षा रुंद असल्याने आत जातच नाहीत. मोटरहोमला तसा बंपर बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळे हा विषय इथेच सोडू.

कुंपणाच्या खांबाचं नळकांडं

क्लास सी साठी मला पटलेला उपाय म्हणजे होम डेपो किंवा लोज मध्ये मिळणारा पांढरा व्हिनाइलचा, म्हणजे पीव्हीसीचा, पोकळ खांब, कुंपणाचा. तो ४ इंची आणि ५ इंची अशा दोन मापांत मिळतो, आणि ४ इंची स्वस्त म्हणून बरेच जण तोच उचलतात. त्याच्या आतली जागा पावणेचार इंचांच्या आसपास. नळी जाते, फिटिंग अडतं. ५ इंची खांबात आतून साडेचार इंचांहून थोडी जास्त जागा मिळते. तरीही दुकानात जाताना आपलं फिटिंग, त्याच्या हुकांसकट, मोजून जा.

लांबी आवळलेल्या नळीवर ठरते. उदाहरणार्थ, कॅमकोची राइनोफ्लेक्स नळी १० फुटी असेल तर आवळल्यावर सव्वातीन फुटांच्या आसपास, १५ फुटी असेल तर साडेचार फुटांच्या आसपास राहते. स्वतःची नळी आवळून, फिटिंग आणि टोपणांसकट मोजा आणि त्यात निदान चार-पाच इंच वाढवा. नळी आवळलेली राहत नसेल तर वेल्क्रोचे दोन पट्टे बांधा. एका २० फुटी नळीऐवजी १० फुटी दोन घ्याव्यात हे मी आग्रहाने सांगेन. डंप स्टेशनवर बहुतेक वेळा एकच पुरते, दुसरी कोरडीच राहते. धुवायचं काम निम्मं आणि नळकांडं आखूड.

बसवायचं ड्रायव्हरच्या बाजूला, आउटलेटजवळ, चॅसिस आणि बाहेरच्या पत्र्याच्या मधल्या जागेत. एग्झॉस्ट पाइप आणि जनरेटरचा धूर कुठून जातो ते आधी झोपून बघा. पीव्हीसी ८० अंश सेल्सियसच्या जवळपास मऊ पडतं, आणि एग्झॉस्टजवळची हवा सहज तिथपर्यंत जाते. हातभर तरी अंतर ठेवा. इंधनाचे, ब्रेकचे पाइप आणि वायर यांना नळकांडं बांधायचं नाही, आणि चॅसिसच्या मुख्य पट्ट्यांना भोकं पाडायची नाहीत. पट्टीला कवळणारे क्लॅम्प आणि त्यांना लोंबणारे पोलादी पट्टे, साधारण दर दोन फुटांवर एक, पुरतात. गाडीच्या मागच्या लांब शेपटाखाली फार खाली येणारं काहीही लावू नका. पेट्रोल पंपाचा चढ उतरताना तेच आधी घासतं.

पट्ट्यांऐवजी खांबाला थेट बोल्ट मारणाऱ्यांची नळी लवकर फाटते, कारण बोल्टचं टोक आत डोकावतं आणि दर वेळी नळीचा पडदा त्यावर घासतो. बोल्ट मारायचाच असेल तर गोल डोकं आतल्या बाजूला आणि नट बाहेर. शिवाय पीव्हीसी गरम झालं की लांब होतं. पाच फुटी खांब रात्रीच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत, समजा ३३ अंशांचा फरक पडला, तर साधारण ३ मिलिमीटरने वाढतो. दोन्ही टोकांना करकचून आवळलेला खांब मधोमध वाकतो नाहीतर भोकांपाशी तडकतो. पट्ट्यात तो किंचित सरकू शकतो, म्हणून पट्टे बरे.

मागचं टोक खांबाच्याच टोपीने कायमचं बंद करा. पुढच्या टोकाच्या टोपीबद्दल वारंवार येणारी तक्रार म्हणजे ती पडते. नुसती दाबून बसवलेली टोपी खडबडीत रस्त्यावर टिकणार नाही. टोपी आणि खांब यांच्या आरपार एक भोक पाडून त्यात हिच पिन (ट्रेलरच्या जोडणीत घालतात ती आडवी पिन) घाला, आणि टोपीला छोटी तार किंवा दोरी बांधून ती गाडीला अडकवा. बिजागरी लावलेलं दार दिसायला सुबक, पण मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांवर बिजागऱ्या गंजतात.

हवा हवीच. दोन्ही टोकांजवळ वरच्या बाजूला अर्ध्या इंचाची दोन-तीन भोकं पाडा आणि त्यांवर आतून स्टेनलेस जाळी चिकटवा. जाळी विसरलात तर गांधीलमाश्या आणि उंदीर आठवण करून देतील. खालच्या बाजूला उघडी भोकं पाडायचा सल्लाही कोणी ना कोणी देतंच. तो ऐकू नका. उरलेलं पाणी मग हायवेवर आणि मागच्या गाडीच्या काचेवर गळतं. खांब आउटलेटकडच्या टोकाला फुटामागे पाव इंच उतार देऊन बसवा, सर्वांत खालच्या बिंदूवर एक भोक पाडून त्यात रबरी बूच बसवा, आणि ते बूच फक्त डंप स्टेशनवर, सीवरच्या भोकापाशी उघडून खांबात पाणी सोडा. नळी नीट निथळवली असेल तर बूच काढल्यावर जेमतेम काही थेंब पडतात. जास्त पाणी पडलं तर निथळवण्याचा क्रम चुकतोय हे तिथेच कळतं.

आत अडकते, बाहेर येत नाही

नळी ढकलताना ती मध्येच बाक धरते आणि खांबाच्या भिंतीला दाटते. म्हणून ढकलू नका. आधी पूर्ण आवळा, पट्टे बांधा आणि मगच सरकवा. काढताना लवचिक भागाला धरून ओढलं की फिटिंगच्या मानेपाशी पडदा फाटतो, तिथेच पहिली छिद्रं दिसतात. आत जाणाऱ्या टोकाच्या टोपणाला एक मऊ दोरी बांधून तिचं दुसरं टोक खांबाच्या तोंडाशी आणून ठेवा. ओढायचं त्या दोरीने.

छिद्रांवर टेप लावायचा बेत मात्र सोडून द्या. दाब कमी असला तरी टेप ओल्या प्लास्टिकवर टिकत नाही, आणि टेपच्या कडेखाली घाण साचून वासाचा नवा उगम तयार होतो. छिद्र पडलेली नळी बदलायची. ती जास्त टिकावी म्हणून वापरताना खाली आधाराची घडीची कमान ठेवा. त्याने खडीवर घासणं वाचतं आणि सीवरकडे उतारही मिळतो. उतार असला की निथळवायला मुळात पाणीच कमी उरतं.

मॅसरेटर असेल तर

काही गाड्यांत घाण दळून पंपाने ढकलणारा मॅसरेटर असतो. त्याची नळी १ इंचाच्या आसपास, बागेच्या नळीसारखी गुंडाळता येणारी, आणि कप्प्यात सहज मावणारी. वरची निम्मी डोकेदुखी तिथे नाही. पण तिच्या आत उरलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि बारीक नळी सहजासहजी निथळत नाही. पंप बंद करण्याआधी टाकीत साधं पाणी घालून तेच शेवटी बाहेर जाऊ द्या, आणि नळी गाडीकडून सीवरकडे उचलत न्या. केवळ नळीची जागा वाचावी म्हणून आपल्या गाडीत मॅसरेटर बसवून घेणं मला महागडं वाटतं. डंप स्टेशन चढावर असेल किंवा सीवरचं भोक लांब असेल तर त्याचा खरा उपयोग.

थंडीत आणि लांब मुक्कामाला

मिनेसोटा, मिशिगनकडे हिवाळ्यात वळ्यांतलं पाणी गोठून पडदा तडकतो, आणि नळकांड्यातली नळी बर्फाने चिकटून बसते. ओढून काढू नका, फाटेल. गाडी हिवाळ्यासाठी बंद करताना नळी नळकांड्यात ठेवूच नये. साबणाने धुऊन, निथळवून, टोपणं काढून गॅरेजमध्ये दोन आधारांवर ताणून आडवी ठेवावी आणि पूर्ण सुकल्यावरच आवळावी. वसंतात पुन्हा वापरण्याआधी एका टोकाला टोपण लावून तिच्यात पाणी भरा आणि अंगणात पाच मिनिटं ठेवून खालची फरशी ओली होते का ते बघा. नळकांडं हिवाळाभर टोपी काढून उघडं ठेवलं तर चालतं, मात्र तोंडाला जाळी बांधा.